टायमिंग लाइट आणि दादाची एमजीबी: सहा महिने वापरल्यानंतर

दादाची गाडी माझ्याकडे आली ती एक खोड घेऊनच. १९६९ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोघांपुरती, उघड्या छपराची. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर. पहिल्या सेल्फला सुरू व्हायची, आयडलिंगला एकसारखी चालायची, चढावर ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी कुरकुर नाही. मात्र सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, तीन हजार आरपीएमच्या आसपास, ताशी ८५ किलोमीटरने पाय हलका ठेवून निवांत चाललं की मिसिंग सुरू. आधी एखादा झटका, मग दोन-तीन लागोपाठ, मग सायलेन्सरमधून फटाका. पाय दाबला की सगळं गायब. पाय सैल केला की पुन्हा हजर.

दादानेही या खोडीपायी दोन वर्षं घालवली होती. त्याच्या वहीत नोंदी आहेत: प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटरच्या सुया बदलल्या, पेट्रोल पंप उघडून साफ केला. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि एकच शब्द, ‘तसंच’. मी शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. वही वाचताना मला राहून राहून वाटत होतं की एवढ्या वस्तू बदलल्या, पण ठिणगी नेमकी कुठे तुटते हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही.

सगळ्यांचा संशय कार्बोरेटरवर होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. हलक्या पायावर झटके म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त), हे जुन्या गाड्यांवर हात काळे केलेला कुणीही सांगेल. मला वेगळी शंका आली ती आरपीएमच्या काट्यामुळे. या गाडीचा काटा विजेवर चालतो, त्याला कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) प्राथमिक वळणातल्या प्रवाहाचे ठोके कळतात. मी भाच्याला गाडी चालवायला बसवलं आणि शेजारून फक्त काटा पाहत राहिले. प्रत्येक झटक्याला तो शून्याकडे पडायचा आणि परत उसळायचा. इंजिन तर चाकांबरोबर फिरतच होतं. पेट्रोल तुटलं असतं तर काटा इंजिनाच्या वेगाबरोबरच राहिला असता, असा पडला नसता. म्हणजे प्रवाहच तुटत होता. आता तो कुठे तुटतो हे पाहायला मी टायमिंग लाइट घेतला, म्हणजे ठिणगीच्या प्रत्येक ठोक्याला चमकणारा हातातला दिवा.

बाजारात याचे दोन प्रकार मिळतात. साधा लाइट फक्त चमकतो. दुसऱ्यात मागच्या बाजूला डायल किंवा बटणं असतात, त्यांनी चमक हव्या तितक्या अंशांनी उशिरा पाडता येते. मी दुसरा घेतला: झेनॉन दिव्याचा, मागे छोटा पडदा असलेला, आरपीएम, ॲडव्हान्सचे अंश (पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या किती आधी ठिणगी पडते ते), ड्वेल (पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, किती अंश मिटलेला राहतो ते) आणि व्होल्टेज दाखवणारा. बॅटरीला लावायचे दोन चिमटे, आणि प्लगच्या वायरभोवती बसणारा एक क्लॅम्प. वायर सोलायची नाही, उपटायची नाही. वायरमधून प्रवाहाचा ठोका गेला की क्लॅम्पला तो चुंबकीय क्षेत्रातून कळतो आणि दिवा चमकतो. वर्गात मी भोकं पाडलेल्या तबकडीतून पंखा स्थिर झालेला दाखवायचे, तेच तत्त्व इथे पिस्तुलाच्या आकारात हातात येतं.

पहिल्या संध्याकाळी मात्र त्याने मला चांगलंच गोंधळात टाकलं. गाडीचा काटा तीन हजार दाखवत होता आणि लाइटचा पडदा दीड हजार. तासभर मी काट्यालाच दोष देत होते. मग लक्षात आलं, बाजूचं छोटं बटण टू-स्ट्रोकवर होतं. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी मिळते; टू-स्ट्रोकच्या हिशेबात प्रत्येक फेरीला. त्यामुळे आरपीएम निम्मा दिसतो आणि, जास्त धोक्याचं म्हणजे, ॲडव्हान्सचे अंशही चुकतात. माहितीपुस्तिकेत यावर एक ओळही नाही. माझ्या मते ही या लाइटमधली सगळ्यात मोठी उणीव आहे, कारण नवखा माणूस या आकड्यावर विसंबून टायमिंग बिघडवून ठेवेल. तुम्ही घ्याल तेव्हा ते बटण फोर-स्ट्रोकवर सरकवा आणि वर चिकटपट्टी लावून टाका.

क्लॅम्पवर बाण असतो, तो प्लगच्या दिशेने हवा. उलटा लावला तर चमक कधी पडते, कधी नाही. आणि बॅटरी! १९६९ च्या एमजीबीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे, झाकणाखाली असतात. लाइटची वायर दीड मीटर. ती बॉनेटपासून तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. मी बारा व्होल्टची वेगळी बॅटरी बॉनेटजवळ स्टुलावर ठेवली. चमकेसाठी एवढं पुरतं, कारण क्लॅम्पचा गाडीच्या वायरिंगशी थेट संबंधच नाही. ड्वेल किंवा व्होल्टेज मोजायचं असेल तेव्हा मात्र त्या बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या अर्थशी, म्हणजे धातूच्या अंगाशी, जोडावी लागते. माझी गाडी निगेटिव्ह अर्थची आहे म्हणून हे सरळ. १९६७ च्या आधीच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या, त्यांच्यावर माझ्या लाइटचं ड्वेल चालत नाही, चमक चालते.

आता मुख्य गोष्ट. लोक टायमिंग लाइट म्हटलं की क्रँकशाफ्टच्या पुलीवरची खूण पाहायचं साधन समजतात. खूण पाहणं महत्त्वाचं आहेच, त्यावर पुढे लिहिते. पण बिघाड शोधताना याचा खरा उपयोग वेगळा आहे: ठिणगीच्या वाटेवर कुठेही क्लॅम्प लावा, तिथून ठोका जातो की नाही हे दिसतं. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी पाळीपाळीने सिलिंडरांना वाटणाऱ्या भागाच्या) कॅपकडे जाणारी मधली जाड वायर ही चारही सिलिंडरांची सामाईक वाट. तीन हजार आरपीएमला तिच्यातून सेकंदाला शंभर ठोके जातात, पहिल्या सिलिंडरच्या वायरीतून पंचवीस. मधल्या वायरीवर क्लॅम्प लावला तर उजेड जवळपास अखंड दिसतो आणि एखादा ठोका गळला तरी डोळ्याला लगेच काळी फट जाणवते. झटका बसला आणि मधल्या वायरीवरचा उजेडही तुटला, तर दोष कॅपच्या आधी: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा त्यांना जोडणाऱ्या वायरी. मधली वायर अखंड आणि एखाद्याच सिलिंडरची तुटक, तर दोष कॅप, तिच्याखाली फिरणारा रोटर किंवा त्या सिलिंडरच्या वायरीत. आणि सगळीकडे उजेड अखंड असूनही इंजिन झटके देत असेल, तर खुशाल कार्बोरेटर उघडा.

दादाने प्लगची वायर काढून इंजिनच्या अंगाजवळ धरायची जुनी पद्धत वापरली होती, तशी नोंद आहे: ‘ठिणगी निळी, जोरदार’. उघड्या हवेत ठिणगी पडायला कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये दाबाखालच्या मिश्रणातून ती उडवायला कितीतरी जास्त. शिवाय ही चाचणी जागेवर उभ्या गाडीची. आमची खोड जागेवर उभ्या गाडीत यायचीच नाही.

तीच तर अडचण होती. जागेवर, तीन हजार आरपीएमला, उजेड अखंड. अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण तापवलं, तरी अखंड. मग मी विचार केला की रस्त्यावर हलक्या पायाला असं काय असतं जे जागेवर नसतं, आणि पूर्ण पायालाही नसतं. त्याचं उत्तर होतं व्हॅक्युम, म्हणजे इंजिन हवा खेचतं तेव्हा तयार होणारी ओढ.

या डिस्ट्रिब्युटरला, लुकासच्या २५डी४ला, टायमिंग पुढे नेणाऱ्या दोन यंत्रणा आहेत. आत दोन वजनं स्प्रिंगांना बांधलेली असतात, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. दुसरी व्हॅक्युमची. माझ्या गाडीत तिची नळी कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या झडपेजवळून निघते. आयडलिंगला तिथे ओढ नसते. झडप थोडी उघडली, म्हणजे हलक्या पायावर, की ओढ भरपूर. झडप पूर्ण उघडली की ओढ पुन्हा नाहीशी. ही ओढ एका डबीतल्या लवचिक पडद्याला खेचते, पडदा एका दांडीने डिस्ट्रिब्युटरच्या आतली प्लेट फिरवतो, आणि प्लेटवर पॉइंट बसवलेले असतात. माझ्या व्हॅक्युमच्या डबीवर ५-१३-१० असे आकडे कोरलेले आहेत. पाऱ्याच्या पाच इंचांना हालचाल सुरू, तेरा इंचांना पूर्ण, आणि पूर्ण म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे दहा अंश. क्रँकशाफ्ट दुप्पट वेगाने फिरते, म्हणून पुलीवर हेच वीस अंश होतात. जागेवर उभ्या गाडीत भार नसल्यामुळे झडप जेमतेम उघडलेली, त्यामुळे नळीत पुरेशी ओढच नव्हती.

मग हातपंप आणला, काटा असलेला. नळी कार्बोरेटरवरून काढली, पंपाला जोडली. भाचा पंपावर, मी लाइट घेऊन खाली आडवी. माझ्या गाडीत टायमिंगचे दात (ज्यांच्यासमोर पुलीची खाच वाचायची) पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, वरून दिसत नाहीत. डायलवाला लाइट इथे फार उपयोगी पडतो: खाली पडून तेलकट दात मोजत बसायचे नाहीत, डायल फिरवून पुलीची खाच शून्याच्या दातासमोर आणायची आणि अंश पडद्यावर वाचायचे. खाचेवर मी पांढरा रंग लावायला गेले तर तिथे आधीच दादाच्या हातचा एक जुना ठिपका होता. त्यावरच पुन्हा लावला.

ओढ नसताना ३० अंश. हे बरोबर होतं: स्थिर टायमिंग दहा, वजनांचे वीस. भाच्याने पंप हळूहळू दाबला. ३४. ३८. खाच डोळ्यांसमोर सरकत होती, डायल तिच्या मागे फिरवत होते. ४२ ला खाच दिसेनाशी झाली. इंजिनाने तोच रस्त्यावरचा झटका दिला आणि भाचा ओरडला, “आत्या, गेला! उजेड गेला!” त्याने पंप सोडला. उजेड परत. पुन्हा दाबला, पुन्हा गेला. क्लॅम्प मधल्या वायरीवर नेला, तिथेही तसंच. दहा वेळा केलं, दहाही वेळा त्याच जागी. तीन वर्षं रस्त्यावर अचानक येणारी खोड आता हातपंपाच्या दांडीवर होती.

पुढचं काम लाइटचं नव्हतं, मल्टिमीटरचं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. कॅप काढली. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत कापडी आवरणाची एक छोटी वायर जाते. प्लेट जेव्हा जेव्हा फिरते तेव्हा ती वाकते. कॉइलकडून येणारी वायर सोडवली, पॉइंटच्या मध्ये कागद घातला आणि टर्मिनल ते पॉइंटची स्प्रिंग असा रोध मोजला. प्लेट मोकळी असताना जवळपास शून्य. प्लेट बोटाने व्हॅक्युमच्या दिशेला अर्ध्यावर नेली की मीटर अनंतावर. आवरण अगदी नव्यासारखं, आतले तांब्याचे धागे सगळे तुटलेले; टोकं एकमेकांना टेकून होती तोवर गाडी चालत होती. कंडेन्सरही त्याच प्लेटवर बसतो, पण तो तिच्याबरोबर फिरतो, म्हणून सुटला. प्लेटला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडणारी अर्थची विणलेली वायरही झिजलेली होती. दोन्ही बदलल्या. बदलताना खूप बारीक धाग्यांची, मऊ आवरणाची वायर हवी. घरातली जाड वायर लावली तर ती प्लेटची हालचाल अडवते आणि काही दिवसांत स्वतःही तुटते.

कॉइल, प्लग आणि सुया यांचा काही दोष नव्हता. इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बसवून पॉइंट काढून टाका, असा सल्ला एका गॅरेजने दादाला दिला होता. त्याने खोड कदाचित गेलीही असती, कारण मॉड्युलबरोबर नवी वायर येते. पण का गेली ते कुणालाच कळलं नसतं, आणि मला त्याने समाधान झालं नसतं. मला पॉइंट आवडतात. कॅम उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं, दुसऱ्या वळणात हजारो व्होल्ट उभे राहतात: चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीत आणलेली ही युक्ती, तिच्यातला प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो आणि हाताने तपासता येतो.

दुरुस्तीनंतर पुन्हा लाइट लावला. पंप तेरा इंचांवर, ५० अंश, खाच जागच्या जागी, उजेडात एकही फट नाही. ड्वेल ६० अंशांवर आहे, जो या डिस्ट्रिब्युटरला हवा तेवढा. पॉइंटची फट फीलर गेजने ०.३८ मिलिमीटर ठेवली होती ती यावरून पडताळली गेली. ड्वेल इतका सहज वाचता येणं ही या लाइटची मला आवडलेली दुसरी गोष्ट. फीलर गेज पॉइंटवरच्या खड्ड्यांनी फसतं, ड्वेल फसत नाही.

लाइट कुठे कमी पडतो तेही सांगायला हवं. प्लगवर काजळी बसली असेल तर ठोका काजळीतून निघून जातो. वायरीत प्रवाह असतो, लाइट चमकतो, आणि सिलिंडरमध्ये काहीच पेटत नाही. म्हणजे चमक आहे म्हणून प्लग ठीक, असं मानू नका, प्लग काढून पाहा. दुसरं, दादाने लावलेल्या प्लगच्या वायरी निव्वळ तांब्याच्या, रोध नसलेल्या होत्या. त्यांच्या विद्युत कोलाहलामुळे पडद्यावरचे आकडे वेड्यासारखे उड्या मारायचे. प्लगवर रोध असलेल्या टोप्या बसवल्या आणि आकडे शांत झाले. तिसरं, ज्या गाडीच्या पुलीत बाहेरचं कडं आणि आतला भाग यांच्यामध्ये रबर असतं, तिथे जुनं रबर घसरून खूणच सरकलेली असू शकते. लाइट त्या खोट्या खुणेला प्रामाणिकपणे स्थिर करून दाखवेल. पहिला पिस्टन खरोखर वरच्या टोकाला असताना खाच शून्यासमोर येते का, हे एकदा प्लगच्या भोकातून तपासून घ्या.

आणि पंखा. एमजीबीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, पुलीच्या अगदी जवळ. टायमिंग लाइटच्या उजेडात त्याची पाती संथ, कधी तर जवळपास थांबलेली दिसतात. भाच्याने पहिल्याच दिवशी नळी सरळ करायला हात पुढे केला होता, मी मनगट धरून मागे ओढला. तेव्हापासून आमचा नियम आहे की लाइट चालू असताना दुसऱ्या माणसाचे दोन्ही हात पंपावर. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातलं काही नको. क्लॅम्पची वायरही पंख्यापासून आणि एक्झॉस्टच्या नळांपासून दूर बांधून घ्या. माझ्या क्लॅम्पचं प्लास्टिक एका बाजूने मऊ होऊन वाकलंच आहे. क्लॅम्प लाइटपासून सुटा होतो आणि वेगळा मिळतो, हे घेण्याआधी पाहून घ्यावं. माझा सुटा होत नाही.

कुणी घ्यावा? ज्याची जुनी गाडी पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटरवर चालते आणि जो ती स्वतः सांभाळतो, त्याने डायलवालाच घ्यावा, बरोबर काटा असलेला हातपंपही घ्यावा. पंपाशिवाय माझ्या या शोधाचा निम्मा भाग झालाच नसता. एका ठिणगीच्या जागी अनेक ठिणग्या टाकणारी सुधारित यंत्रणा बसवलेली असेल तर मात्र साधा, डायल नसलेला लाइट बरा. डायलवाला जादा ठोके मोजून भलतेच अंश दाखवू शकतो.

आता माझ्याकडे एक वेगळं काम उरलं आहे, तेही लाइटनेच दाखवलेलं. दीड हजार आरपीएमच्या खाली खाच पूर्ण स्थिर राहत नाही, दोन अंशांच्या पट्ट्यात थरथरते. डिस्ट्रिब्युटरची दांडी बोटाने बाजूला हलवली तर थोडी हलते, म्हणजे ती ज्यात फिरते ते बूश झिजलं आहे. ते बदलायला डिस्ट्रिब्युटर बाहेर काढीन तेव्हा वजनांच्या स्प्रिंगाही पाहायच्या आहेत. त्याआधीचं मोजमाप दादाच्या वहीत घेऊन ठेवलं आहे: ७०० आरपीएमपासून ४००० पर्यंत, पहिला बिंदू आयडलिंगचा, मग दर पाचशेला एक, व्हॅक्युमची नळी बंद करून. बूश बदललं की त्याच पानावर दुसऱ्या शाईने पुन्हा काढीन.